एम्बेडेड लिनक्स कर्नलमध्ये वीज वाचवणारा कोड: सुरुवात कुठून करायची

बॅटरीवर चालणारा बोर्ड हातात आला, त्यावर लिनक्स बूट झालं आणि "आता वीज कमी करा" हे काम गळ्यात पडलं, की नवखा माणूस आधी प्रोसेसरची फ्रीक्वेन्सी खाली आणायला धावतो. तिथे फारसं काही हाती लागत नाही. अशा बोर्डांवरचा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. वीज खातो तो कोणीतरी चालू करून विसरलेला क्लॉक (चिपच्या भागांना चालवणारा ठोका), कोणालाच नको असलेला रेग्युलेटर (ठरावीक व्होल्टेज पुरवणारा भाग), नाहीतर भलत्याच पातळीवर अडकलेला एखादा पिन. कर्नलमधलं पॉवर मॅनेजमेंट मुळात हिशेबाचं काम आहे. कोणी काय चालू केलं, ते अजून कोणाला हवं आहे आणि शेवटचा वापरणारा गेल्यावर ते खरंच बंद झालं का, एवढंच त्यात बघायचं असतं. म्हणून या लेखात फ्रीक्वेन्सी सगळ्यात शेवटी येईल.

फंक्शनांची आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती इंग्रजी अक्षरांत सापडतील, बहुतेक ठिकाणी शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर घालून. सी भाषा, साधा ड्रायव्हर आणि डिव्हाइस ट्री यांची तोंडओळख आहे असं धरून चालतो.

पहिली पायरी: मोजल्याशिवाय कोडला हात लावू नका

एक साधं गणित करू. बॅटरी 2000 मिलिअँपिअर-तासांची आहे. बोर्ड झोपेत 20 मिलिअँपिअर खात असेल तर ती 100 तास पुरेल, म्हणजे जेमतेम चार दिवस. हाच आकडा 2 मिलिअँपिअरवर आणला तर 1000 तास, सुमारे 41 दिवस. दिवसाचा बहुतांश वेळ झोपणाऱ्या उपकरणात जागेपणी 300 ऐवजी 280 मिलिअँपिअर लागले तरी या हिशेबात ढिम्म फरक पडत नाही. तेव्हा आपला बोर्ड दिवसातला किती वेळ जागा असतो आणि किती वेळ झोपतो, हे आधी विचारून घ्या. कुठली पायरी महत्त्वाची ते त्यावर ठरतं.

मोजायची पद्धत जुनीच आहे: बॅटरीच्या वाटेत लहानसा शंट रेझिस्टर घालायचा आणि त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बघायचं. अडचण येते ती रेंजची. 0.1 ओमच्या शंटवर 400 मिलिअँपिअरला 40 मिलिव्होल्ट दिसतात, ते कोणताही मीटर दाखवेल. पण झोपेतल्या 200 मायक्रोअँपिअरला त्याच शंटवर फक्त 20 मायक्रोव्होल्ट मिळतात आणि साध्या मीटरवर तो आकडा गोंगाटात हरवून जातो. मोठा शंट घातला तर झोपेचा आकडा नीट येतो, पण बूट होताना व्होल्टेज इतकं पडतं की बोर्ड रीसेट होतो. म्हणून बरेच जण दोन शंट ठेवतात आणि मोठ्याला बायपास करणारा जंपर लावतात. बोर्डवर करंट मोजणारी आयएनए219 किंवा आयएनए226 जातीची चिप असेल तर कर्नलचा आयएनए2एक्सएक्स ड्रायव्हर चालू करा, आकडे एचडब्ल्यूमॉनच्या (कर्नलमधल्या सेन्सरांच्या) फायलींत मिळतात. मात्र झोपेत ही चिप वाचणारा प्रोसेसरच झोपलेला असतो, तेव्हा त्या आकड्यासाठी बाहेरचं उपकरण लागणारच.

आणखी एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. सिरियल कन्सोलची केबल लावलेली असते आणि तिच्या पिनातून बोर्डला उलटी वीज मिळत राहते. मग आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, कधीकधी चक्क ऋण येतो. शेवटचं मोजमाप सगळ्या केबली काढून करा.

दुसरी पायरी: काय काय चालू आहे ते कर्नललाच विचारा

डीबग-एफएस, म्हणजे कर्नलची आतली माहिती फायलींसारखी दाखवणारी फाइलसिस्टीम, माउंट करा. त्यात तीन जागा रोज लागतात: क्लॉकसाठी क्लॉक फोल्डरातली क्लॉक समरी, रेग्युलेटरसाठी रेग्युलेटर समरी आणि पॉवर डोमेनसाठी (चिपचा एकत्रच चालू-बंद होणारा भाग) पीएम जेनपीडी समरी (पीएम म्हणजे पॉवर मॅनेजमेंट). ही तीन फ्रेमवर्कं कर्नलमध्ये वेगवेगळ्या वेळी आली. रेग्युलेटर फ्रेमवर्क 2008 मध्ये, 2.6.27 बरोबर. कॉमन क्लॉक फ्रेमवर्क 2012 मध्ये, 3.4 बरोबर. त्याआधी जवळपास प्रत्येक चिपवाल्याचं क्लॉकचं स्वतःचं वेगळं घोडं असायचं. जुन्या व्हेंडर कर्नलवर काम पडलं तर त्याचे अवशेष अजून भेटतात.

क्लॉक समरीत प्रत्येक क्लॉकपुढे इनेबल काउंट असतो. बोर्ड रिकामा बसलेला असताना ती यादी वरून खाली वाचा आणि ज्याचा काउंट शून्य नाही त्याच्याबद्दल विचारा: याची आत्ता कोणाला गरज आहे? कॅमेरा उघडलेला नाही आणि कॅमेऱ्याचा क्लॉक 1 दाखवतोय, म्हणजे पहिला चोर सापडला. रेग्युलेटरच्या यादीतही हेच करा. तिथे एक पळवाट मात्र नीट तपासा. डिव्हाइस ट्रीत एखाद्या रेग्युलेटरवर "रेग्युलेटर ऑलवेज ऑन" असं लिहिलेलं असेल तर सगळ्या ड्रायव्हरांनी शहाण्यासारखं वागूनही तो कधीच बंद होणार नाही. बोर्ड पहिल्यांदा उभा करताना घाईघाईत सगळ्यांवर हे लेबल चिकटवलं जातं आणि पुढे ते काढायला कोणी धजावत नाही.

बूट संपत आलं की कर्नल कोणीच न मागितलेले क्लॉक स्वतःहून बंद करतो. रेग्युलेटरसाठी तो थोडा थांबतो: न वापरलेले रेग्युलेटर बंद करायचं काम 30 सेकंदांनी होतं. तेव्हा बूट झाल्या झाल्या आकडा टिपू नका, निदान एक मिनिट जाऊ द्या. या साफसफाईत बोर्ड मेला तर कर्नल कमांड लाइनवर "क्लॉक इग्नोर अनयूझ्ड" किंवा "पीडी इग्नोर अनयूझ्ड" देऊन ती थांबवता येते. त्याने बोर्ड जगला, तर कुठल्यातरी ड्रायव्हरने आपल्याला हवा असलेला क्लॉक मागितलाच नव्हता आणि तो बूटलोडरने चालू ठेवलेल्या क्लॉकवर फुकट जगत होता, असा निष्कर्ष काढायचा. तो ड्रायव्हर शोधून दुरुस्त करा आणि पॅरामीटर काढून टाका. ग्राहकाकडे जाणाऱ्या उपकरणाच्या कमांड लाइनवर हा पॅरामीटर राहिला असेल तर वीज वाचवायचं काम झालेलंच नाही असं समजा.

तिसरी पायरी: एक ड्रायव्हर घ्या आणि त्यात रनटाइम पीएम बसवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रनटाइम पीएम 2009 मध्ये 2.6.32 या आवृत्तीत आलं. कल्पना अशी की सिस्टीम जागी असतानाही न वापरलं जाणारं प्रत्येक उपकरण आपापलं झोपावं. प्रत्येक डिव्हाइसला एक वापर-काउंट असतो. काम सुरू करताना "गेट", काम झालं की "पुट". काउंट शून्यावर आला की कर्नल त्या डिव्हाइसचा रनटाइम सस्पेंड कॉलबॅक बोलावतो आणि डिव्हाइस एखाद्या पॉवर डोमेनमध्ये असेल तर त्या डोमेनमधले सगळे झोपल्यावर डोमेनही बंद होतं. खोलीतून शेवटी बाहेर पडणाऱ्याने पंखा बंद करायचा, तसा हा प्रकार. फक्त इथे शेवटचा कोण ते कर्नल मोजतो.

उदाहरणाला चिपच्या आतला एडीसी, म्हणजे अॅनालॉग व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, घेऊ. त्याला एक क्लॉक आहे, तो एका पॉवर डोमेनमध्ये आहे आणि वरचा प्रोग्रॅम दर सेकंदाला एकदा त्याची किंमत वाचतो.

प्रोबमध्ये आधी क्लॉक हाताने चालू करा. त्यासाठी "क्लॉक प्रिपेअर इनेबल" हे फंक्शन आहे. त्यात दोन कामं जोडलेली आहेत, कारण प्रिपेअर झोपू शकतं आणि इनेबल झोपत नाही. इंटरप्टच्या आतून फक्त दुसरं चालतं. मग "पीएम रनटाइम सेट अॅक्टिव्ह" बोलावून कर्नलला सांगा की हे डिव्हाइस आत्ता जागं आहे. त्यानंतर ऑटोसस्पेंड वापरायचं आहे असं सांगून त्याचा अवधी ठरवा आणि सगळ्यात शेवटी "पीएम रनटाइम इनेबल". हा क्रम उलटा केला तर कर्नलच्या नोंदीत डिव्हाइस झोपलेलं आणि प्रत्यक्षात क्लॉक चालू, अशी अवस्था होते. मग पहिल्या गेटवर क्लॉक दुसऱ्यांदा चालू होतो, त्याचा काउंट 2 होतो आणि तो पुन्हा कधीच शून्यावर येत नाही. क्लॉक समरीत रिकामटेकडा 1 दिसला की आधी प्रोब उघडून हा क्रम बघा. हाताने क्लॉक चालू करायचा आणखी एक फायदा आहे: कर्नलमध्ये पीएमचा पर्यायच बंद असेल तर ही सगळी फंक्शनं पोकळ होतात, पण ड्रायव्हर तरीही चालतो.

वाचायच्या फंक्शनमध्ये सुरुवातीला गेट, मग रजिस्टर वाचायची आणि शेवटी "पीएम रनटाइम पुट ऑटोसस्पेंड". जुन्या कोडमध्ये या पुटच्या आधी "मार्क लास्ट बिझी" असा कॉल दिसेल. ऑटोसस्पेंडचं घड्याळ नव्याने सुरू करायला तो असतो. अवधी किती ठेवायचा? दर सेकंदाला एक वाचन आहे, म्हणून 50 मिलिसेकंद ठेवला तर एडीसी साधारण 5 टक्के वेळ जागा राहील. उगाच सावधगिरी म्हणून 2000 ठेवला तर पुढचं वाचन आधी येऊन ठेपतं आणि एडीसी जन्मात झोपत नाही. कोड बरोबर, काउंट बरोबर, तरीही वीज तेवढीच. असे अवधी दुसऱ्या ड्रायव्हरातून उचलून चिकटवलेले असतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी स्वतः विचार करा.

आता चुकीची वाट. "पीएम रनटाइम गेट सिंक" हे जुनं फंक्शन डिव्हाइस जागं करण्यात अपयशी ठरलं तरी काउंट वाढवून ठेवतं. एरर आली म्हणून तुम्ही थेट रिटर्न केलंत की एक पुट राहून गेला आणि ते डिव्हाइस पुढच्या बूटपर्यंत झोपणार नाही. कर्नलमध्ये ही चूक इतक्या ठिकाणी होती की 5.10 मध्ये "पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट" हे नवं फंक्शन आणलं. ते अपयश आल्यास काउंट स्वतःच परत खाली आणतं. नव्या कोडमध्ये तेच वापरा. दोन्हींच्या परतीच्या किमतीतही फरक आहे. गेट सिंक डिव्हाइस आधीच जागं असेल तर 1 देतं, त्यामुळे "शून्य नाही म्हणजे एरर" अशी तपासणी त्याच्यावर लावली की धडधाकट डिव्हाइस नापास होतं.

गेट न करता रजिस्टरला हात लावला तर काय होतं? ते चिपवर अवलंबून. 32 बिटी आर्मवर एक्स्टर्नल अॅबॉर्ट येतो, 64 बिटीवर एसएरर, काही चिपांवर निमूट शून्य वाचलं जातं आणि काहींवर बस अशी अडकते की वॉचडॉगने रीसेट केल्याशिवाय सुटका नाही. पहिले दोन प्रकार बरे, निदान ओरडतात तरी. सगळ्यात जास्त धोका इंटरप्ट हँडलरमध्ये असतो. इंटरप्टची लाइन दुसऱ्या डिव्हाइसबरोबर वाटून घेतलेली असेल तर आपलं डिव्हाइस झोपलेलं असतानाही आपला हँडलर बोलावला जाईल आणि तो पहिलीच गोष्ट करेल ती स्टेटस रजिस्टर वाचायची. हँडलरमध्ये आधी डिव्हाइस जागं आहे का ते विचारा. "पीएम रनटाइम आयआरक्यू सेफ" लावून मोकळं व्हायचा मोह टाळा: त्याने पालक डिव्हाइस कायमचं जागं राहतं आणि वाचवलेलं सगळं वाया जातं.

झालं का ते बघायला सिस-एफएसमधल्या (सिस या फोल्डरातल्या) त्या डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरात जा. रनटाइम स्टेटस "सस्पेंडेड" दिसायला हवं आणि अॅक्टिव्ह टाइम व सस्पेंडेड टाइम या दोन आकड्यांचं प्रमाण तुमच्या अंदाजाशी जुळायला हवं. कंट्रोल या फाइलीत "ऑन" असेल तर कोणीतरी झोप बंद करून ठेवली आहे; तिथे "ऑटो" लिहा.

एक इशारा. डोमेन पूर्ण बंद झालं की रजिस्टरांमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून रिझ्यूममध्ये ते परत भरायला हवं. रेगमॅप (रजिस्टरांच्या किमतींची प्रत ठेवणारी कर्नलची सोय) वापरत असाल तर झोपताना कॅश डर्टी म्हणून खूण करायची आणि उठल्यावर रेगकॅश सिंक करायचं, एवढं पुरतं. गंमत अशी की हा भाग लिहिलाच नाही तरी महिनोन्महिने काही बिघडत नाही, कारण त्याच डोमेनमधला दुसरा कोणीतरी जागा असतो आणि डोमेन कधी बंदच होत नाही. मग एके दिवशी तुम्ही त्या दुसऱ्या ड्रायव्हरची गळती बुजवता, डोमेन पहिल्यांदाच खरोखर बंद होतं आणि भलताच ड्रायव्हर कोसळतो. दोष तुमच्या नव्या पॅचवर येतो. अशा वेळी पॅच मागे घेऊ नका. जेनपीडी समरीत त्या डोमेनमध्ये कोण कोण आहे ते बघा आणि त्यांचे रिझ्यूम एकेक करून वाचा.

चौथी पायरी: रिकाम्या प्रोसेसरला खोल झोपू द्या

करायला काम नसलं की कर्नलचा सीपीयूआयडल भाग प्रोसेसरला झोपेच्या एखाद्या पातळीत पाठवतो. आर्मवर सगळ्यात उथळ पातळी म्हणजे "वेट फॉर इंटरप्ट" ही सूचना. त्याहून खोल पातळ्यांसाठी कर्नल पीएससीआय या ठरलेल्या करारातून फर्मवेअरला "सीपीयू सस्पेंड" सांगतो. या पातळ्या डिव्हाइस ट्रीत लिहाव्या लागतात आणि प्रत्येकीला तीन आकडे द्यावे लागतात: आत जायला लागणारा वेळ, बाहेर यायला लागणारा वेळ आणि निदान किती वेळ झोपलं तर ही पातळी परवडते तो अवधी. तिन्ही मायक्रोसेकंदांत. तिसरा आकडा मोजूनच भरायचा असतो. आत-बाहेर करण्यात कॅश रिकामी करणं, पुन्हा भरणं यात वीज जाते; 3 मिलिसेकंदांची किमान झोप हवी असलेल्या पातळीत 1 मिलिसेकंदासाठी गेलात तर जागं राहणं स्वस्त पडलं असतं.

पातळी निवडतो गव्हर्नर, पण त्याच्या हातात मुख्यतः पुढचा टायमर कधी आहे आणि याआधीच्या झोपा किती टिकल्या एवढंच असतं. म्हणून खरं काम इथे कर्नलच्या बाहेर असतं. दर 10 मिलिसेकंदांनी "काही आलं का" असं विचारणारा एक प्रोग्रॅम सेकंदाला 100 वेळा प्रोसेसर उठवतो. टिकलेस (रिकामा असताना ठरावीक ठोक्याने न उठणारा) कर्नल कितीही चांगला असला तरी तो अशा प्रोग्रॅमपुढे काय करणार? पॉवरटॉप (प्रोसेसर कोण उठवतं ते दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा, इंटरप्टांची यादी दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा काढा आणि फरक बघा. सिस-एफएसमध्ये प्रत्येक पातळीच्या फोल्डरात यूसेज, टाइम, अबव्ह आणि बिलो असे आकडे असतात. अबव्ह वाढत असेल तर झोप ठरवल्यापेक्षा लवकर मोडतेय, बिलो वाढत असेल तर आणखी खोल झोपता आलं असतं.

सगळ्यात खोल पातळीचा यूसेज शून्यच राहत असेल तर सीपीयू डीएमए लेटन्सी ही फाइल कोणी उघडून बसलंय का ते तपासा. ध्वनीचे प्रोग्रॅम तिच्यात छोटा आकडा लिहून ती उघडी ठेवतात आणि फाइल उघडी आहे तोवर कर्नल खोल झोप टाळतो.

पाचवी पायरी: सगळा बोर्ड झोपवायचा

आता सिस्टीम सस्पेंड. सिसमधल्या पॉवर फोल्डरातली स्टेट फाइल वाचली की आपला कर्नल काय काय जाणतो ते कळतं. "फ्रीझ" म्हणजे सस्पेंड-टू-आयडल: प्रोग्रॅम गोठवायचे, डिव्हाइस झोपवायची आणि प्रोसेसर त्याच्या नेहमीच्या सर्वांत खोल आयडलमध्ये ठेवायचा. "मेम" म्हणजे बहुधा सस्पेंड-टू-रॅम, जिथे प्रोसेसरची वीजही जाते आणि फक्त डीडीआर मेमरी सेल्फ-रिफ्रेशवर (स्वतःच माहिती टिकवत) राहते. मेमचा नेमका अर्थ मेम स्लीप या शेजारच्या फाइलीवरून ठरतो.

सुरुवात फ्रीझपासूनच करा. त्याला प्लॅटफॉर्मकडून काही विशेष कोड लागत नाही, त्यामुळे जे मोडेल ते ड्रायव्हरांमध्ये मोडेल. त्याच्याही आधी पीएम टेस्ट वापरा. या फाइलीत क्रमाने फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोर असं लिहून दर वेळी सस्पेंड करायचं. कर्नल तेवढ्याच टप्प्यापर्यंत जातो, 5 सेकंद थांबतो आणि परत येतो. फ्रीझरवर अडकलं तर एखादा प्रोग्रॅम गोठायला तयार नाही. कर्नल त्याची 20 सेकंद वाट बघून हार मानतो. डिव्हायसेसवर अडकलं तर सस्पेंड स्टॅट्समध्ये शेवटच्या नापास डिव्हाइसचं नाव मिळेल. कोरपर्यंत सगळं पार पडलं आणि खऱ्या सस्पेंडमध्येच बोर्ड मेला, तर दोष प्लॅटफॉर्मच्या कोडमध्ये, फर्मवेअरमध्ये नाहीतर जागं करणाऱ्या इंटरप्टमध्ये आहे. एवढी वाटणी झाली तरी निम्मं काम झालं.

लॉग दिसायला कमांड लाइनवर "नो कन्सोल सस्पेंड" द्या, पीएम प्रिंट टाइम्समध्ये 1 लिहा. जागं व्हायला आधी बटणावर विसंबू नका. आरटीसीवेक (बोर्डवरच्या घड्याळाचा गजर लावणारी कमांड) वापरून 10 सेकंदांचा गजर लावा. तो अलार्म चालतो याची खात्री बोर्ड जागा असतानाच करून घ्या, नाहीतर बोर्ड झोपलाय की मेलाय यात दिवस जातो.

डिव्हाइस झोपवण्याचे टप्पे असे: प्रिपेअर, सस्पेंड, सस्पेंड लेट, सस्पेंड नोआयआरक्यू. उठताना उलट्या क्रमाने. मूल आधी झोपतं, पालक नंतर. पण रेग्युलेटर देणारी चिप आणि तो वापरणारं डिव्हाइस यांच्यात पालक-मुलाचं नातं नसतं, त्यासाठी 4.10 पासून डिव्हाइस लिंक आहेत. साध्या ड्रायव्हरला हे सगळे टप्पे लिहावे लागत नाहीत. रनटाइमचे दोन कॉलबॅक नीट असतील तर "पीएम रनटाइम फोर्स सस्पेंड" आणि "फोर्स रिझ्यूम" तेच परत वापरतात. तिसऱ्या पायरीवर इतका वेळ काढला तो यासाठीही. एक खाच मात्र आहे: लेट टप्प्यात कर्नल रनटाइम पीएम बंद करतो. त्यानंतर झोपलेलं डिव्हाइस गेट करायला गेलात की परवानगी नाकारल्याची एरर येते. आयटूसी (चिपांना जोडणारी छोटी बस) कंट्रोलर झोपल्यावर कोणीतरी पॉवर चिपशी बोलायला जातो आणि लॉगमध्ये ही एरर दिसते, तेव्हा बोलणाऱ्याचा टप्पा चुकलेला असतो.

प्लॅटफॉर्मच्या कोडबद्दल थोडंच सांगतो. 64 बिटी आर्मवर बहुतेक काम फर्मवेअरचं; पीएससीआय 1.0 मधलं "सिस्टीम सस्पेंड" बोलावलं की डीडीआर झोपवण्याची जबाबदारी त्याची. बऱ्याच 32 बिटी चिपांवर हे कर्नललाच करावं लागतं आणि तो कोड वाचण्यासारखा आहे. डीडीआरला झोपवणारा कोड डीडीआरमधून चालू शकत नाही, म्हणून असेम्ब्लीचा एक तुकडा चिपच्या आतल्या एसरॅम या छोट्या मेमरीत कॉपी करून तिथून चालवतात. पेज टेबलंही डीडीआरमध्येच असतात, त्यामुळे लागणाऱ्या पत्त्यांच्या नोंदी आधीच टीएलबीत (अशा नोंदींची प्रोसेसरमधली कॅश) ओढून ठेवाव्या लागतात. आयएमएक्स6 आणि एटी91 यांच्या आर्म फोल्डरांमधल्या सस्पेंडच्या असेम्ब्ली फाइली शेजारी ठेवून वाचा. स्वतः असा कोड लिहायची वेळ फार जणांवर येत नाही, पण वाचलेला असला की व्हेंडरचा कोड बघून घाबरायला होत नाही.

सहावी पायरी: पिन

बोर्ड झोपतो, उठतो, सगळं सुरळीत, आणि मीटर अजून 4 मिलिअँपिअर दाखवतोय. आता सर्किटचा आराखडा उघडा. 3.3 व्होल्टला 10 किलोओमने ओढलेली एक लाइन आहे आणि आपला पिन झोपेत ती खाली धरून बसलाय: 3.3 भागिले 10,000, म्हणजे 0.33 मिलिअँपिअर. असे दहा पिन असतील तर 3.3 मिलिअँपिअर झाले. सॉफ्टवेअरचा कुठलाही रिपोर्ट हे दाखवत नाही, क्लॉक समरी स्वच्छ असते. उलटा प्रकारही होतो: पलीकडच्या चिपची वीज बंद केली आणि आपला पिन वरच राहिला, तर त्या पिनातून ती चिप अर्धवट जिवंत राहते, वीज खाते आणि पुढच्या वेळी नीट रीसेटही होत नाही.

उपाय डिव्हाइस ट्रीत आहे. पिनकंट्रोलमध्ये (पिनांच्या अवस्था ठरवणाऱ्या भागात) "डिफॉल्ट" बरोबर "स्लीप" अशी दुसरी अवस्था लिहा आणि सस्पेंड कॉलबॅकमध्ये ती निवडा. प्रत्येक पिनासाठी एक तक्ता करा: झोपेत पलीकडे वीज आहे का, लाइन वर ओढलेली आहे की खाली, आपण कोणत्या पातळीवर सोडणार. कंटाळवाणं काम आहे, पण झोपेतल्या आकड्यावर एवढा परिणाम दुसऱ्या कशाचा क्वचितच होतो. हार्डवेअरवाल्या माणसाला शेजारी बसवून करा.

सातवी पायरी: जागं कोण करणार

ज्या डिव्हाइसने बोर्ड उठवायचा त्याच्या डिव्हाइस ट्री नोडवर "वेकअप सोर्स" लिहा, ड्रायव्हरमध्ये "डिव्हाइस इनिट वेकअप" करा आणि सस्पेंडमध्ये "इनेबल आयआरक्यू वेक". इंटरप्ट मागताना "नो सस्पेंड" हा झेंडा लावून काम भागवणारे बरेच भेटतात. तो झेंडा इंटरप्ट बंद होऊ देत नाही इतकंच. बोर्ड उठेलच याची हमी त्यात नाही.

बोर्ड लगेच उठतोय? पीएम वेकअप आयआरक्यू ही फाइल कोणत्या इंटरप्टने उठवलं ते सांगते. झोपायलाच तयार नाही? डीबग-एफएसमधली वेकअप सोर्सेस बघा, कोण धरून बसलाय ते तिथे दिसतं. झोपायचा निर्णय आणि प्रत्यक्ष झोप यांच्या मधल्या फटीत एखादी घटना आली तर ती हरवू शकते. त्यासाठी वेकअप काउंट आहे: झोपायच्या आधी तो आकडा वाचायचा, आपली कामं उरकायची, तोच आकडा परत लिहायचा. मधे काही आलं असेल तर लिहिणं नापास होतं. मग झोपायचं नाही.

आणि आता फ्रीक्वेन्सी

चालत्या सर्किटची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात जाते. व्होल्टेज 10 टक्के कमी केलं तर 0.9 चा वर्ग 0.81, म्हणजे त्याच फ्रीक्वेन्सीला सुमारे 19 टक्के बचत. नुसती फ्रीक्वेन्सी निम्मी केली आणि व्होल्टेज तेच ठेवलं, तर काम दुप्पट वेळ चालतं, त्या कामाची वीज तेवढीच राहते आणि गळतीची वीज दुप्पट वेळ जाते. त्यापेक्षा काम झटपट उरकून चौथ्या पायरीतल्या खोल झोपेत गेलेलं बरं. म्हणून ओपीपी टेबलात (फ्रीक्वेन्सी आणि तिचं व्होल्टेज यांच्या जोड्यांची यादी) एकाच व्होल्टेजच्या दोन ओळी दिसल्या तर खालची ओळ तापमान आवरायला उपयोगी पडेल, बॅटरी वाचवायला नाही.

रेग्युलेटर जोडलेला नसताना फ्रीक्वेन्सी बदलणारे बोर्ड बरेच असतात. ओपीपी टेबल आहे पण सीपीयू नोडला सप्लायच दिलेला नाही. ते आधी बघा. बदलण्याचा क्रम ठरलेला आहे: वर जाताना आधी व्होल्टेज मग क्लॉक, खाली येताना आधी क्लॉक मग व्होल्टेज. गव्हर्नर म्हणून 4.7 पासून असलेला शेडयूटिल घ्या. तो शेड्युलरचेच आकडे वापरतो. तसंच सोडून न देता तुमच्या कामावर ऑनडिमांड या जुन्या गव्हर्नरशी एकदा तुलना करून बघा.

हे सगळं बसल्यावर एक छोटी स्क्रिप्ट लिहा: आरटीसीवेकने 10 सेकंद झोप, उठल्यावर 10 सेकंद काम, मग नेटवर्क, स्टोरेज आणि एडीसी चालतात का ते तपास, असं रात्रभर. बारा तासांत 2000 च्या वर फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीनंतर क्लॉक समरीचे काउंट जतन करा आणि पहिल्या फेरीच्या काउंटशी ताडून बघा. फेरीगणिक एकाने वाढत जाणारा आकडा दिसला, तर ज्या ड्रायव्हरचा तो क्लॉक आहे त्याच्या एररच्या वाटा पुन्हा वाचायला घ्या.